मोठं मॅग्नेट, जास्त वॅट आणि बिघडलेला आवाज

‘लक्झरी एसयूव्हीतले कंपनी फिटेड स्पीकर म्हणजे वर नावाजलेल्या ब्रँडची जाळी, आत कागद आणि चिमुकलं मॅग्नेट. ते काढा, त्याच मापाचे जास्त वॅटचे लावा. ॲम्प्लिफायरला हात लावायची गरज नाही, आवाज दुप्पट होतो.’ हा सल्ला सगळीकडे फिरतो आणि लोक ऐकतातही.

कोन, म्हणजे स्पीकरचा पुढेमागे हलणारा शंकू, कागदी असतो हे अनेकदा खरं. पण त्यात बिघडलं काय? कागद हलका असतो, ताठ असतो आणि स्वतःची कंपनं लवकर जिरवतो. स्टुडिओंमध्ये वर्षानुवर्षं मिरवलेल्या यामाहा एनएस-10 या स्पीकरचा पांढरा वूफर, म्हणजे जाड आवाज काढणारा भाग, कागदाचाच होता. मॅग्नेटचं म्हणाल, तर 1980 च्या दशकात आलेलं निओडिमियमचं मॅग्नेट साध्या फेराइटच्या मॅग्नेटपेक्षा साधारण दहापट चुंबकीय ऊर्जा साठवतं. दार उथळ, त्यात काच खाली उतरायची, शिवाय वजन वाचवायचं. म्हणून मॅग्नेट लहान ठेवतात. हातात घेऊन ‘हलका आहे, म्हणजे स्वस्तातला’ म्हणणं ही शुद्ध फसगत.

आता वॅट. डब्यावर ठळक छापलेला असतो तो ‘मॅक्स’ आकडा. आरएमएस, म्हणजे सतत चालणाऱ्या पॉवरचा आकडा, शोधावा लागतो. तोही स्पीकर किती सोसेल एवढंच सांगतो. पॉवर द्यायची ती ॲम्प्लिफायरनेच. आणि पॉवर दुप्पट झाली तरी वाढतात फक्त 3 डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे 10 डेसिबल, म्हणजे दहापट पॉवर लागते. पाहायची ती सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक पॉवरवर स्पीकर किती मोठा वाजतो ते. तिथेही गोम आहे: ती 1 वॅटवर मोजली आहे की 2.83 व्होल्टवर? ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युतरोध; 2.83 व्होल्टला 8 ओहमचा स्पीकर 1 वॅट घेतो, 4 ओहमचा 2 वॅट. म्हणजे 4 ओहमवाल्याला कागदावर 3 डेसिबल फुकटात मिळतात.

ओहमवरच खरी गाडी अडते. प्रीमियम सिस्टिममध्ये बरेचदा 2 ओहमचे स्पीकर असतात, बाजारात सहज मिळतात ते 4 ओहमचे. त्याच ॲम्प्लिफायरवर 4 ओहमचा लावला की पॉवर जवळपास निम्म्यावर येते. दुप्पट राहिलं बाजूला, आवाज उलट बसतो. 4 ओहमसाठी बनवलेल्या ॲम्प्लिफायरवर 2 ओहमचा लावला तर करंट दुप्पट होतो आणि ॲम्प्लिफायर तापून बंद पडू शकतो. त्यामुळे खरेदीआधी जुना स्पीकर सोडवून मल्टिमीटर लावा. आकडा छापील ओहमपेक्षा थोडा कमीच येतो: 4 ओहमचा स्पीकर साधारण साडेतीनच्या आसपास दिसेल.

‘त्याच मापाचे लावा’ हे ऐकायला सोपं. पण त्या जागी आवाजाचा कोणता पट्टा येतो? अशा अनेक गाड्यांत ट्वीटर (बारीक आवाजाचा), मिडरेंज (मधल्या आवाजाचा) आणि वूफर यांना स्वतंत्र चॅनेल असतात. वूफरच्या जागी कोॲक्सियल, म्हणजे मध्येच ट्वीटर असलेला स्पीकर, बसवला, तर त्याच्या ट्वीटरपर्यंत काही पोहोचतच नाही. दिसायला ट्वीटर, कामाला शून्य. बीएमडब्ल्यू एक्स5 मध्ये बासचे वूफर पुढच्या सीटखाली असतात, त्यामुळे बाससाठी तिथे दारातले स्पीकर बदलणं म्हणजे भलत्याच ठिकाणी खर्च.

कंपनीचा ॲम्प्लिफायर सिग्नल सपाट सोडत नाही. कुठे उचल, कुठे कपात, कोणत्या स्पीकरला किती मिलिसेकंद उशीर, आवाज वाढवला की बास किती आवरायचा, हे त्याच स्पीकरांवर आणि त्याच केबिनमध्ये मोजून बसवलेलं असतं. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा, भिंगं कितीही महाग असोत, आपल्याला चालत नाही; इथेही तेच. चांगला नवा स्पीकर या ट्यूनिंगवर कर्कश वाटतो आणि शिव्या स्पीकरला पडतात.

मग ॲम्प्लिफायरच बदलू? तेही सरळ नाही. 2000 नंतरच्या बऱ्याच जर्मन गाड्यांत तो मोस्ट नावाच्या ऑप्टिकल फायबरच्या कड्यात बसलेला असतो. तो नुसता उपटला की कडं तुटतं आणि अख्खी सिस्टिम मुकी होते. काही गाड्यांत पार्किंग सेन्सरची बीपही त्याच वाटेने येते. त्यापेक्षा जुना ॲम्प्लिफायर जागेवर ठेवून त्याच्या आउटपुटवर डीएसपी, म्हणजे सिग्नल हवा तसा बदलणारा डिजिटल प्रोसेसर, लावायचा, जुनं ट्यूनिंग सपाट करून नव्या स्पीकरांसाठी पुन्हा बसवायचं. वेळखाऊ आहे, पण माझ्या मते मनाजोगे स्पीकर निवडायची मोकळीक तेव्हाच मिळते.

त्याआधी एक तपासणी मात्र करा, विशेषतः गाडी दहा-पंधरा वर्षांची असेल आणि आवाज फाटत असेल तर. जाळी काढून कोनाभोवतीचं सराउंड, म्हणजे लवचिक कडं, पाहा. फोमचं असेल तर ते कालांतराने कुजून गळतं. कोन हलवणारी तारेची कॉइल शाबूत असेल, तर फक्त सराउंड बदलून तोच स्पीकर परत लावता येतो. ओहम, पट्टा, ट्यूनिंग सगळं आपोआप जुळलेलंच असतं.