‘वृद्धांना एकच डॉक्टर पुरे’ या दाव्याविषयी

पुण्यातल्या ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणाऱ्या संदेशाचा आशय असा : वृद्धांना जुना फॅमिली डॉक्टर पुरतो, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, समाजसेवक यांची ‘टीम’ म्हणजे बिल फुगवण्याची युक्ती आहे आणि माणसे वाढली की जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

फॅमिली डॉक्टर हवाच. परंतु खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आजींना प्रथम उभे करताना रक्तदाब उतरून येणारी चक्कर फिजिओथेरपिस्टला दिसते, चहा पिताना लागणारा आणि पुढे न्यूमोनियाचे कारण ठरू शकणारा ठसका घरी शुश्रूषेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्यूरोतून आलेल्या मावशींना दिसतो, तर मध्यरात्रीचे असंबद्ध बोलणे रात्रपाळीच्या नर्सच्या कानावर पडते. डॉक्टरांच्या सकाळच्या राउंडच्या पाच मिनिटांत यांपैकी बहुधा काहीच घडत नाही.

बिलाचा आक्षेप अगदीच निराधार नाही. २९ तुलनात्मक अभ्यास (ट्रायल) आणि १३,७६६ रुग्णांचा विचार करणाऱ्या, कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यानुसार, रुग्णालयात दाखल असताना ज्यांचे अनेक तज्ज्ञांनी मिळून मूल्यमापन केले, ते वृद्ध तीन ते बारा महिन्यांनंतर जिवंत आणि स्वतःच्या घरी असण्याची शक्यता अधिक होती. मृत्यूच्या प्रमाणात मात्र फारसा फरक नव्हता आणि खर्च किंचित वाढण्याचा संभव होता. (हे अभ्यास बहुतांशी श्रीमंत देशांतले होते, हे टीमचे गोडवे गाणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे.)

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो अर्धा खरा आहे. हाडांच्या, हृदयाच्या आणि मेंदूच्या डॉक्टरांनी एकमेकांची चिठ्ठी न पाहता औषधे लिहिली, तर झोपेची गोळी आणि रक्तदाबाची गोळी मिळून आजी पुन्हा पडू शकतात आणि दोष कोणाचाच ठरत नाही. पण ती गर्दी झाली, टीम नव्हे. टीममध्ये सर्व औषधांची एकच यादी असते, ती तपासणारी व्यक्ती ठरलेली असते आणि कुटुंबाला कोणाला फोन करायचा ते ठाऊक असते. ‘मोठ्या डॉक्टरांसमोर कसे बोलायचे’ हा संकोच आपल्याकडे भारी असल्यामुळे साप्ताहिक बैठकीत नर्स आणि फिजिओथेरपिस्ट यांना आधी बोलू द्यावे. प्रमुखांचे मत एकदा ऐकल्यावर ठसक्याचा विषय सहसा कोणी काढत नाही.

अशी घडी एकदा बसवली की कायम राहते, असेही नाही. बैठकीच्या वेळेचे पैसे सहसा कोणालाच मिळत नाहीत, त्यामुळे कामाचा ताण वाढताच प्रथम तीच रद्द होते. ब्यूरो मावशी बदलते तेव्हा निदान एक पाळी जुन्या आणि नव्या मावशींनी एकत्र करावी, आणि त्या पाळीचा मेहनताना दोघींनाही द्यावा.