फराळ म्हणजे जेवण नव्हे

दिवाळीतला खरा पेच चकली मऊ पडली तर काय, हा नाही. मऊ चकलीवर उपाय आहेत. काहीच जमलं नाही तर ती पाहुण्यांना न देता घरच्यांना देता येते. खरा पेच दुपारी साडेबाराला उभा राहतो. सकाळपासून येता-जाता प्रत्येकाने चिवडा, लाडू, शेव, करंजी असं मनसोक्त हाणलेलं असतं, पाणी प्यायलासुद्धा पोटात जागा नसते, आणि तरीही कुणीतरी स्वयंपाकघरात डोकावून अगदी निरागसपणे विचारतं, "आज जेवायला काय?"

सासूबाईंच्या मते फराळ म्हणजे जेवण नव्हे. हे त्यांचं मत नाही, शासन निर्णय आहे. पानात वरण-भात पडला नाही तर माणूस जेवलाच नाही, मग त्याआधी त्याने अर्धा किलो शंकरपाळी का संपवलेली असेना. म्हणून दिवाळीत रोज चार-सहा पदार्थांचा स्वयंपाक होतो, प्रत्येक जण त्यातलं दोन घास खातो, "फार झालं गं सकाळी" असं म्हणतो, आणि उरलेलं सगळं फ्रीजमध्ये जातं. आमच्या डोंबिवलीच्या घरातला फ्रीज दिवाळीत सगळ्यात पोटभर जेवतो.

२०२५ साली पंचांगानेही या गोंधळात हात घातला. १७ ऑक्टोबरला वसुबारस, १८ला धनत्रयोदशी, आणि मग एकदम २०ला नरकचतुर्दशी. पुढे २१ला लक्ष्मीपूजन, २२ला पाडवा, २३ला भाऊबीज. मधली १९ तारीख भाकड, त्यातून रविवार. दिवाळीच्या ऐन मध्यात एकही सण नसलेला दिवस! त्या दिवशी मी दुपारी झोपणार होते. किती वाजता, कुठल्या खोलीत, हेसुद्धा ठरलं होतं. पण माझ्या चेहऱ्यावरचा आनंद नवऱ्याने हेरला आणि म्हणाला, "मग रविवारी आपण नानकटाई करू."

आपण!

त्याचं कारण ओव्हन. तो त्याने दसऱ्याच्या सेलमध्ये घेतला होता आणि तोवर त्यात फक्त पापड भाजले होते. नवरा इंजिनिअर असल्यामुळे घरात काहीही करायचं झालं की आधी तक्ता होतो. तसा तो झाला आणि फ्रीजच्या दारावर चिकटला. तारीख, नाश्ता, दुपार, रात्र, जबाबदारी. जबाबदारीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत माझं आद्याक्षर होतं. एकाच ठिकाणी त्याचं होतं, त्यापुढे कंसात लिहिलं होतं, 'तापमान'.

तक्त्यातला वसुबारसेचा दिवस मला मनापासून आवडला. गहू नाही, मूग नाही, दूध-तूप नाही, तळणीचं काही नाही. संध्याकाळी गाय-वासराची पूजा, मग बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. कुणाला काही विचारायचं नाही, कुणी काही सुचवायचं नाही. मेनू कुणी ठरवला असं विचारलं तर धर्मशास्त्राकडे बोट दाखवायचं. ज्या कुण्या बाईने ही प्रथा पाडली तिच्या घरी नक्की मोठं खटलं असणार. बाकीच्या दिवसांबाबत मात्र धर्मशास्त्राने हात वर केलेत. धनत्रयोदशीला धने-गुळाचा नैवेद्य सांगितलाय, लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्तासे. लक्ष्मीचं त्यावर भागतं. माझ्या मुलाचं भागत नाही.

तर भाकड रविवार.

सासूबाईंच्या माहेरी, कऱ्हाडला, नानकटाई घरी भाजत नसत. दिवाळीच्या आधी मैदा, रवा, पिठीसाखर, डालडा घेऊन बेकरीत जायचं आणि नंबर लावायचा. पत्र्यांवर ओळीने गोळे मांडले जायचे, पत्रे भट्टीत सरकायचे, आणि किलोवर भाजणावळ देऊन गरम डबा घरी यायचा. अशाच एका दिवाळीत त्यांच्या आईची साजूक तुपातली नानकटाई शेजारणीच्या डब्यात गेली आणि शेजारणीची डालड्यातली यांच्याकडे आली. शेजारीण आता हयात नाही. आरोप आहे.

गंमत म्हणजे एवढं होऊनही सासूबाईंचा आग्रह डालड्याचाच. "तुपाची चव येते, पण खुसखुशीतपणा डालड्याचा." नवऱ्याने लगेच व्याख्यान दिलं: १९३७ पासून देश डालडा खातोय, ट्रान्स फॅट म्हणजे काय, २०२२ पासून तेल-तुपात ते २ टक्क्यांच्या वर चालत नाही. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही जन्मभर खाल्ला, आम्हाला काय झालं?" नवऱ्याची नजर त्यांच्या गोळ्यांच्या डब्याकडे गेली. पण आईपुढे आणि बॉसपुढे कुठे थांबायचं हे त्याला कळतं. तूप ठरलं.

नानकटाईत कष्टाचा भाग एकच, फेसण्याचा. परातीत घट्ट तूप आणि पिठीसाखर घेऊन तळव्याने फेसत राहायचं. आधी ते पिवळट दिसतं, मग फिकट होतं, मग पांढरं आणि हलकं. त्यातला एक थेंब पाण्यात टाकायचा. तरंगला तर झालं, बुडाला तर पुन्हा परातीकडे. या फेसण्याने तुपात हवा कोंडली जाते आणि तीच पुढे नानकटाईला हलकं करते, हे शास्त्र नवऱ्याने फार सुंदर समजावून सांगितलं. फेसत मी होते. मग मैदा, थोडं बेसन, थोडा रवा, वेलची. किती मैदा, असं विचारल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तूप मागेल तेवढा." नवरा वजनकाटा घेऊन उभा होता. तूप ग्रॅममध्ये काही मागेना.

गोळा मळून झाला आणि ऑक्टोबरच्या उकाड्याने डाव साधला. डोंबिवलीत त्या दुपारी घट्ट तूप हे फक्त पुस्तकात राहिलं होतं. गोळा घामेजला. असा गोळा भाजला तर नानकटाई पसरून तिची पोळी होते, म्हणून तो अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायला हवा. फ्रीज उघडला. शुक्रवारची गवार, शनिवारची आमटी, शनिवारचाच मसालेभात, दोन तऱ्हेच्या कोशिंबिरी, आणि मागच्या बाजूला एक स्टीलचा डबा ज्याची कुणीही ओळख द्यायला तयार नव्हतं. परातीला जागा हवी असेल तर हे सगळं बाहेर काढायला हवं होतं, आणि बाहेर काढलेलं खाऊन संपवायला हवं होतं. अशा रीतीने भाकड दिवसाचा दुपारचा मेनू ठरला. तक्त्यात तिथे 'पावभाजी' लिहिलं होतं. मुलाने ते खोडून 'फ्रीज' असं लिहिलं.

इकडे ओव्हन तापवायला लावला. सासूबाईंना हे अजिबात पटेना. "आत काही नाही आणि तापवताय? बिल कोण भरणार?" १६०० वॅटचा ओव्हन दहा मिनिटं चालला तर पाव युनिटाहून किंचित जास्त वीज लागते, असा हिशेब नवऱ्याने कागदावर मांडून दाखवला. त्यांनी तो चष्मा लावून नीट वाचला आणि म्हणाल्या, "तेच म्हणतेय मी. फुकट."

पहिला ट्रे आत गेला आणि सगळं घर काचेच्या दारासमोर, वर्ल्ड कपची फायनल लागल्यासारखं, खुर्च्या टाकून बसलं. १७० अंश, पंधरा ते वीस मिनिटं. गोळे जरा बसले, मग फुगले, मग वर छान भेगा पडल्या. पंधराव्या मिनिटाला नवऱ्याने दार उघडून एकीवर बोट दाबलं. बोट आत गेलं. "कच्ची आहे."

"काढ," सासूबाई म्हणाल्या. "गार झाली की कडक होते."

"आई, मऊ आहे."

"गरम आहे म्हणून मऊ आहे."

"रंगच नाही आला."

"नानकटाईला रंग येत नसतो. रंग आला की बिस्कीट होतं."

तापमानाची जबाबदारी तक्त्याप्रमाणे त्याची होती, त्यामुळे ट्रे परत आत गेला. बाहेर आला तेव्हा नानकटाई अजूनही थोडी मऊ होती. गार झाल्यावर ती अशी झाली की सासूबाईंनी एक उचलून ओट्यावर वाजवून दाखवली आणि काही न बोलता बशीत ठेवली.

दुसरा ट्रे आत गेला तेव्हा दुपार कलली होती. नेमका तेव्हाच चिरंजीवांनी आंघोळीसाठी गीझर लावला. दिराने चहासाठी इलेक्ट्रिक किटली लावली. आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये स्वयंपाकघर आणि बाथरूम एकाच १६ अँपिअरच्या एमसीबीवर, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणाऱ्या बटणावर, आहेत. १६०० वॅट ओव्हनचे, २००० गीझरचे, १५०० किटलीचे. एमसीबीने थोडा वेळ दम धरला आणि मग मान टाकली.

गीझर कुणी लावला यावर वादविवाद सुरू झाला. तो मिटावा म्हणून नवऱ्याने नानकटाईचा इतिहास काढला. डच लोकांनी म्हणे सुरतेला बेकरी काढली होती, जाताना ती एका पारशी कारागिराच्या हाती दिली. पावाचं पीठ ताडीने फुगवलेलं, म्हणून गावातले लोक तो खाईनात. मग त्यातून ताडी गेली, अंडी गेली आणि नानकटाई झाली. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "आपल्यात ताडी नाही ना?" बाथरूममधून साबण लावलेल्या मुलाने ओरडून विचारलं की इतिहास संपला असेल तर कुणी एमसीबी वर करेल का.

तोवर बंद ओव्हनच्या उरल्या उबेवर दुसरा ट्रे आपोआप भाजून निघाला होता. पांढरीशुभ्र, वर भेगा, तोंडात टाकली की विरघळणारी. सासूबाई म्हणाल्या, "चांगली झालीय. भट्टीची नाही, पण चांगली." संध्याकाळी फ्रीजवरच्या तक्त्यात एक ओळ वाढलेली दिसली: 'शेवटी ५ मिनिटं ओव्हन बंद ठेवणे.' खाली त्याची सही.

नरकचतुर्दशीच्या पहाटेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सासरचं मूळ रत्नागिरीकडचं. अंगठ्याखाली कारीट चिरडलं की पोह्यांचे प्रकार लागतात, दुधाचे, दह्याचे, गुळाचे, फोडणीचे. ते अंधारात होऊन जातात. माणूस जागा नसताना केलेला स्वयंपाक त्रास देत नाही.

त्रास देते भाऊबीज. आणि तिची सुरुवात सांगलीहून नणंदेच्या फोनने होते. "हे बघ, उगीच घाट घालू नकोस. आम्ही काय परके आहोत? साधंच कर. वरण-भातसुद्धा चालेल." धाकटी जाऊ लग्न होऊन नवी आली तेव्हा तिने हे वाक्य खरं धरून वरण-भात, बटाट्याची भाजी आणि शिरा केला होता. त्या भाऊबिजेची गोष्ट अजून लग्नकार्यात सांगितली जाते. तेव्हापासून घरातल्या सगळ्या सुनांना साध्याचा अर्थ पाठ आहे: एक सुकी भाजी, एक रसाची, मसालेभात, मठ्ठा, कोथिंबीर वडी, पुऱ्या, आणि असं गोड जे फराळाच्या डब्यात आधीपासून नाही.

यावर मग पथ्यं. दिवाळी चातुर्मासात येते आणि सासूबाई कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा, लसूण, वांगी खात नाहीत. नणंदेच्या यजमानांना शुगर आहे, पण "सणाचं चालतं". आमच्या ओळखीत ज्यांना शुगर आहे त्या सगळ्यांना सणाचं चालतं. भाची गहू खात नाही. दीर भात, पोळी, बटाटा काही खात नाही, श्रीखंड मात्र प्रोटीन म्हणून खातो. एकाला जे वर्ज्य ते दुसऱ्याला अत्यावश्यक. आणि या सगळ्यांना आदल्या दिवशी एकेक फोन करून "काय करू?" असं विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर एकच: "काहीही चालेल."

भाऊबिजेला पानं मांडली. नणंदेने येताना सांगलीच्या बेकरीत भाजून घेतलेल्या नानकटाईचा डबा आणला होता. सासूबाईंनी एक तोंडात टाकली, डोळे मिटले आणि नवऱ्याने तिथल्या तिथे विषय बदलला. सगळे ताटावर बसले, वाढून झालं, आणि नणंदेचे यजमान मसालेभाताकडे बघत म्हणाले, "खरं सांगू का वहिनी, गोड-तळकट खाऊन तोंड नुसतं मेलंय. पिठलं-भाकरी असती तर मजा आली असती."

"हो ना," दीर म्हणाला. "आणि ठेचा."

"ठेच्यात लसूण असतो," सासूबाई म्हणाल्या.

भाचीने सांगितलं की पिठलं तिला चालतं, त्यात गहू नसतो. मुलगा म्हणाला, त्यालाही चालेल. एरवी पिठलं म्हटलं की हा मुलगा घर सोडून जातो. पुऱ्यांची टोपली पानापानावरून फिरून तशीच परत आली. मी आत गेले, कढई ठेवली, फोडणी टाकली. दहा मिनिटांत पिठलं झालं. भाकऱ्या धाकट्या जावेने थापल्या. सासूबाईंसाठी वेगळी हिरवी मिरची, बाकीच्यांसाठी लसणाची चटणी. पिठल्याची कढई पुसून पुसून खाल्ली सगळ्यांनी. नंतर वर श्रीखंडही संपलं, पुऱ्याही संपल्या, कारण पिठल्याने म्हणे भूक उघडली. मसालेभात डब्यात भरून मी फ्रीजचं दार खांद्याने लोटून बंद केलं.

रात्री उशिरा नणंदेचा फोन आला. पोचलो सुखरूप. पण यांना वाटेत फार पित्त झालं, दोनदा गाडी थांबवावी लागली. मी म्हटलं, अहो ताई, काळजी घ्या, लिंबू-सरबत द्या त्यांना.

"देते," त्या म्हणाल्या. "पण तरी मी तुला आधीच सांगितलं होतं गं. साधंच कर म्हणून."