‘स’ला उकार

“नाव सांगा मॅडम.”

“सुरंगी.”

“हां, सारंगी मॅडम, बोला.”

“सारंगी नाही. सुरंगी. ‘स’ला उकार.”

“सुरेखा?”

“सु-रं-गी.”

“मॅडम, एखादा ओळखीचा शब्द सांगा ना, त्यावरून लिहून घेते.”

ओळखीचा शब्द! सकाळपासून तिसऱ्यांदा फोन लावत होते, गॅसवर दूध होतं, सिलिंडर कुठल्याही क्षणी मान टाकणार होता. तोंडातून निघून गेलं, “अहो, सुरुंग माहितीये ना, सुरुंग? तो लावतात बघा, धडाम करून…”

पलीकडे शांतता. मग एकदम गार आवाज, “मॅडम, हा कॉल रेकॉर्ड होतोय.”

दूध त्या दिवशी इंडक्शनवर तापलं.

माझा जन्म वेंगुर्ल्याजवळचा, ऐन शिमग्यातला. भटजींनी पत्रिका मांडली, शतभिषा नक्षत्र, चौथा चरण, अक्षर ‘सू’. आता ‘सू’वरून म्हटलं तर नावांना काय तोटा? सुनीता, सुषमा, सुजाता, सुवर्णा. पुढे माझ्या वर्गात या सगळ्या होत्या, काही तर दोन-दोन, त्यामुळे बाई त्यांना आडनावानं हाक मारायच्या. घरात ‘सुप्रिया’ ठरलं होतं, पाटीवर लिहूनही झालं होतं. पण नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या आली ती आसोलीहून, अंबाड्यावर सुरंगीचा हातभर वळेसर माळून. पाळण्यावर वाकून तिनं कानात कुर्रर्र केलं आणि वळेसरातली दोन फुलं माझ्या नाकावर पडली. मला शिंक आली. देवानं उजवा कौल द्यावा तसं तिनं ते घेतलं आणि उभ्या उभ्या नाव बदलून टाकलं. बायकांनी रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घातले. आईचा धपाटा रीतीपेक्षा जरा जास्त बसला, असं आत्या अजून सांगते.

ज्यांना सुरंगी ठाऊक नाही (आणि असे लोक निम्म्या महाराष्ट्रात आहेत, मी मोजलेत) त्यांच्यासाठी सांगते. पश्चिम घाटात आणि त्याच्या पायथ्याशी होणारं हे थोराड झाड. पानं जाड, काळपट हिरवी. बाकी वर्षभर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. थंडी सरता सरता जुन्या फांद्यांना, पानांच्या मागच्या बाजूला, कळ्यांचे घोस धरतात, जसे काही कुणी फांदीला खळ लावून कुरमुरे चिकटवलेत. कळी गोल, ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याहून जराशी मोठी. उमलली की चार पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळ्या केसरांचा झुबका. ऊन चढायच्या आत कळ्या उतरवायच्या असतात, म्हणून आत्याकडे पहाटेच शिड्या लागायच्या. खाली जुनी लुगडी अंथरलेली, वर आतोबा, त्यांच्या भोवती एवढ्या मधमाश्या की सगळं झाड घुमायचं. आतोबांना माश्या कधी चावल्या नाहीत. आम्ही पोरं मात्र दर वर्षी एक तरी गाल सुजवून घरी यायचो. मग ओटीवर बसून केळीच्या सोपाच्या दोऱ्यात आत्या वळेसर गुंफायची. त्याचा वास कसा, तर एसटीच्या शेवटच्या सीटवर बाई वळेसर माळून बसली की पुढच्या दारातल्या कंडक्टरला कळतं.

उरलेल्या कळ्या अंगणात सुकत पडायच्या. त्या व्यापारी न्यायचा, अत्तरवाल्यांसाठी. पूर्वी रेशीम रंगवायलाही त्या वापरायचे. यातली एक गोष्ट मला फार नंतर कळली: बाजारात याच सुक्या कळ्या ‘तांबडं नागकेसर’ म्हणून विकल्या जातात. म्हणजे नावाची ओढाताण एकट्या माझीच नाही. खुद्द सुरंगीलाही पोटापाण्यासाठी दुसऱ्याचं नाव लावावं लागतं.

गावात मला कधी त्रास झाला नाही. वेंगुर्ल्याच्या बाजारात फुलवालीनं नाव विचारलं आणि मी सांगितलं की तिचा चेहरा फुलायचा. “अगो बाय माजे! मगे पैशे कित्याक दितंस?” म्हणायची. म्हणायची एवढंच, पैसे पुरते घ्यायची. अडचण होती ती एकच. वाडीत आणखी एक सुरंगी होती आणि ती गाय होती. तिन्हीसांजेला तिच्या मालकानं “सुरंगेऽऽ” अशी आरोळी ठोकली की आम्ही दोघी वेगवेगळ्या दिशांनी हजर व्हायचो. ती गेल्यापासून या नावाचं दुसरं कुणी मला भेटलेलं नाही. अबोली भेटल्या, बकुळा भेटल्या, जाईजुई तर जुळ्याच भेटल्या. सुरंगी नाही.

लग्न होऊन रत्नागिरीला आले तशी कळ फिरली. माझा अनुभव असा की कुडाळपर्यंत माझं नाव फूल असतं, राजापूरला त्याची सारंगी होते, पुढे नारंगी होते, आणि मुंबईला पोचेपर्यंत त्याचा स्फोट होतो. त्यात इंग्रजी स्पेलिंग. ते वाचून हिंदी माणूस ‘सुरांगी’ म्हणतो, म्हणजे देवांच्या अंगाची की दारूच्या, कोण जाणे. एकदा कोकण रेल्वेत समोरच्या बर्थवरच्या आजोबांनी नाव विचारलं. सांगितलं. “सुरंगी? मतलब सुरंग?” असं त्यांनी म्हणायला आणि गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरायला एकच गाठ पडली. साडेसहा किलोमीटर! कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब बोगदा. आजोबा अंधारात एकटेच हसत होते आणि मला उजेड येईपर्यंत उत्तर द्यायची सोय नव्हती.

महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम चाललं होतं तेव्हा तर आमच्या ह्यांना ऊत आला होता. गाड्या थांबवून माणूस लाल फडकं हलवत ओरडायचा, “सुरुंग हाय, सुरुंग, मागं व्हा!” की हे गंभीर चेहऱ्यानं मला म्हणायचे, “बघ, तुला ओळखतात इथे.” (जांभ्याला सुरुंग लागत नाही, त्याचे चिरे कापून काढतात, सुरुंग लागतो काळ्या दगडाला. हे मला माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण या नावानं बाईला काय काय शिकवावं!)

नावाचा अर्थ विचारणारे दुसऱ्या जातीचे. सु अधिक रंग, चांगल्या रंगाची, असा अर्थ ते स्वतःच लावतात आणि मग माझ्याकडे बघतात. मी चांगली सावळी आहे. पुढची दोन मिनिटं दोघांनाही अवघड जातात.

कॉलेजात संस्कृतच्या सरांनी भर वर्गात मूळच उकरून काढलं होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘सुरुङ्गा’ हा शब्द आहे, अर्थ भुयार. आणि तो ग्रीकांच्या ‘सिरिंक्स’वरून आपल्याकडे आला असं अभ्यासक मानतात. सिरिंक्स म्हणजे पोकळ नळी. तीच पुढे इंजेक्शनची सिरिंज झाली. सर रंगात आले. म्हणाले, ग्रीकांच्या कथेत सिरिंक्स नावाची एक वनदेवीही आहे. बकऱ्याच्या पायांचा एक देव तिच्या मागे लागला, तेव्हा ती पळत पळत नदीकाठी गेली आणि बोरू होऊन उभी राहिली. तर त्या गृहस्थानं बोरू कापून त्याचा पावा केला. “म्हणजे तुमचं नाव थेट ग्रीसपर्यंत जातं!” मी उठून सांगितलं, “सर, मी फुलाची. भुयाराची नव्हे.” ते कुणाच्या कानात शिरलं नाही. वर्ष संपेपर्यंत मी ‘सिरिंज’ होते, आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा ‘बकरा’.

शास्त्रज्ञांनी झाडाचं नाव ठेवलंय ‘मामेया सुरिगा’. यातलं सुरिगा आपल्याकडचंच, बोलीतून उचललेलं. मामेया हे पहिलं नाव मात्र वेस्ट इंडीजकडच्या ‘मामे’ नावाच्या फळझाडावरून आलं. म्हणजे माझी खरीखुरी मामेबहीण सातासमुद्रापार आहे. हे मी सासूबाईंना कौतुकानं सांगितलं तर त्या म्हणाल्या, “लग्नात आहेर नाही आला तो त्यांचा.”

लग्नात नाव बदलायची आयती संधी होती. सासरी ‘सुनेत्रा’ काढून ठेवलं होतं. ताटात तांदूळ पसरले, ह्यांच्या हातात अंगठी दिली, आणि ह्यांनी सगळ्यांसमोर माझंच नाव लिहिलं. मी विरघळले. नंतर फोटोत बघितलं तर घाईत अनुस्वार राहिला होता. सुरगी! पण तेही चुकीचं नाही निघालं. कर्नाटकात या फुलाला सुरगीच म्हणतात आणि यू. आर. अनंतमूर्तींनी आपल्या आत्मचरित्राला तेच नाव दिलंय. तिकडेही बघा, पुस्तकाला ठेवलं.

तर गेल्या फेब्रुवारीत समोरच्या फ्लॅटमधल्या काकू वही-पेन घेऊन आल्या. पुण्याला नात झाली होती. सूनबाईंना नाव हवं होतं ‘एकदम वेगळं’. “तुझं नाव तिला फार आवडलंय गं. अर्थ काय, मूळ काय आणि किती जणींचं आहे, तेवढं नीट सांग.”

उभ्या जन्मात असं कुणी विचारलं नव्हतं. मी आसोलीपासून सुरुवात केली. झाड, शिड्या, लुगडी, मधमाश्या. काकू भराभर लिहून घेत होत्या. आणि त्यांनी वहीत वरच्या ओळीत ‘सुरंगी’ असं लिहून, उकार अगदी बरोबर देऊन, खाली रेघ मारली, तेव्हा माझ्या पोटात काहीतरी हललं. हे कसं लिहिता येतं हिला पहिल्याच फटक्यात? इतकी वर्षं फोनवर घसा फोडला मी, आणि नाव घेऊन जाणार पुण्याची कालची पोर?

“पण काकू,” मी म्हटलं, “शाळेत मुलं सिरिंज म्हणतात.”

“हो?”

“आणि सिलिंडरचा नंबर लागत नाही.”

“अगंबाई.”

“शिवाय गायीचं असतं. गावाकडे.”

काकू वही मिटून गेल्या. रात्री मला झोप लागेना. एवढंसं लेकरू, त्याच्या नावाला आपण अपशकुन केला. सकाळी उठून आत्याला फोन केला. बारशाच्या दिवशी एसटीच्या ड्रायव्हरकडून केळीच्या पानात बांधलेला वळेसर आला. स्टँडवर पुडा उघडायच्या आधीच मला तो कुठल्या गाडीत आहे ते कळलं होतं. पुडा घेऊन मी काकूंच्या दारात उभी राहिले, नावात नाव मिसळायला मनापासून तयार.

काकूंनी मला बाजूला घेतलं. “अगं, तू वाईट वाटून नको घेऊस. सुनेला आवडलेलं होतं, गायीचंसुद्धा चाललं असतं तिला. पण तिची आई म्हणाली, नाव जरा कॉमन वाटतं.”

“कॉमन?”

“एकाच मजल्यावर दोन-दोन सुरंगी कशाला, म्हणाली.”

मी वळेसर माझ्याच अंबाड्यावर खोचला आणि आत जाऊन बसले. पाळणा म्हणून झाला. मुलीच्या आत्यानं वाकून कुर्रर्र केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं नाव सांगितलं, “आरोही!”

पाळण्याखाली फुगे फोडत बसलेल्या दोन पोरी एकदम बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “ओ?”