बीकेसीच्या बसचा खर्च कोणी उचलायचा?

नेहरूनगरच्या आमच्या कट्ट्यावर परवा जो वाद रंगला तो ३१० क्रमांकाच्या बसवरून. कुर्ला स्थानकाच्या पश्चिमेकडून निघून वांद्रे-कुर्ला संकुलातून (बीकेसी) वांद्रे पूर्वेला जाणारी ही बेस्टची, म्हणजे मुंबई महापालिकेच्या बस आणि वीज उपक्रमाची, बस म्हणजे मध्य आणि हार्बर मार्गाने कुर्ल्याला, तर पश्चिम मार्गाने वांद्र्याला उतरणाऱ्या नोकरदाराचा शेवटच्या टप्प्यातला आधार. आमच्यातल्या सनदी लेखापालाने, ज्याला कट्ट्यावर सगळे सीए म्हणतात, असे मत मांडले की परिवहनाचा तोटा वर्षानुवर्षे वाढत असताना निदान बीकेसीत तरी पूर्ण खर्च वसूल होईल एवढे भाडे आकारायला हरकत नसावी, कारण तिथल्या प्रवाशाला ते परवडते.

‘परवडते कोणाला?’ असे तात्यांनी लगेच विचारले. तात्या बेस्टमधून वाहक म्हणून निवृत्त झाले आहेत आणि प्रवाशांविषयी बोलायचा अधिकार आपल्याकडे थोडा जास्त आहे, असे त्यांना वाटते, जे फारसे चुकीचेही नाही. त्यांचे म्हणणे असे की काचेच्या इमारतींमध्ये बसणारा अधिकारी बसमध्ये क्वचितच दिसतो. सकाळच्या पहिल्या फेऱ्यांमध्ये असतात ते सफाई कर्मचारी, गणवेशाची पिशवी मांडीवर घेतलेले सुरक्षारक्षक आणि कँटीनमध्ये काम करणारी मुले. साडेनऊनंतर गळ्यात ओळखपत्र अडकवलेला वर्ग चढतो, पण त्यातही कंत्राटावर काम करणारे पुष्कळ असतात. ज्याच्याकडे खरोखरच पैसे आहेत, तो गाडीने येतो आणि त्याच रस्त्यावर बसच्या पुढे उभा राहतो.

भाड्याचा मुद्दा मात्र सीएने सोडला नाही. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे साध्या बससाठी ५ आणि वातानुकूलित बससाठी ६ रुपयांवर आणले गेले, तेव्हा त्यामागे कोणताही हिशेब नव्हता, आणि ९ मे २०२५ पासून ते १० आणि १२ रुपये झाले, तेव्हा तब्बल सहा वर्षांची वाढ एका दिवसात प्रवाशाच्या माथी मारली गेली, असे तो म्हणाला. दरवर्षी थोडे थोडे वाढवले असते तर कोणी ओरडले नसते, हे त्याचे म्हणणे मला पटते.

बीकेसीतल्या एका बँकेत काम करणाऱ्या आमच्या मैत्रिणीला हा सगळा वादच अस्थानी वाटत होता. दोन्ही स्थानकांपासून बीकेसी पाच किलोमीटरच्या आत असल्यामुळे तिथे जाणाऱ्याला किमान भाडेच पडते, आणि ते दहा आहे की बारा, यावर कोणी बस सोडत नाही, असे तिने सांगितले. माणूस बस सोडतो तो पुढची बस केव्हा येईल याची खात्री नसल्यामुळे. रांगेतला माणूस आधी घड्याळाकडे पाहतो, मग मोबाइलमध्ये बसची वेळ दाखवणारे चलो ॲप उघडतो आणि मग शेअर रिक्षाच्या दिशेने पाहू लागतो. डिसेंबर २०२२ मध्ये ठाणे ते बीकेसी अशी प्रीमियम बस सुरू झाली, तेव्हा ॲपवर आसन आरक्षित करून कितीतरी पट भाडे देणारे लोक निघालेच, याचे कारण वातानुकूलन नव्हे, तर जागा आणि वेळ यांची हमी होय, असे ती म्हणाली.

शेअर रिक्षा चालवणारे भाऊ इतका वेळ गप्प होते. त्यांनी हसत कबुली दिली की दोन बसमधले अंतर पंधरा मिनिटांवर गेले की त्यांचा धंदा आपोआप चालतो आणि ते पाच मिनिटांवर आले की त्यांना हाका माराव्या लागतात. चर्चेतला हा सर्वांत नेमका पुरावा होता, असे मला वाटते.

आता बस वेळेवर आणि पुरेशी का येत नाही, याकडे गाडी वळली. तात्यांनी जे समजावले ते मी थोडक्यात मांडतो. बीकेसी हा भाग बसच्या दृष्टीने गैरसोयीचा आहे, कारण सकाळी दोन-अडीच तास सगळी गर्दी स्थानकाकडून आत जाते आणि परतीची गाडी जवळपास मोकळी धावते, तर संध्याकाळी याच्या नेमके उलटे घडते. दुपारी गाड्यांना काम नसते. म्हणजे त्या चार-पाच तासांच्या गर्दीसाठी गाडी, चालक आणि आगारातली जागा दिवसभर पोसावी लागते. त्यातच २०१९ पासून भाडेतत्त्वावरच्या गाड्या आल्या. गाडी कंत्राटदाराची, चालक त्याचा, देखभाल त्याची आणि उपक्रमाने त्याला किलोमीटरमागे पैसे द्यायचे. गाडी भरलेली धावो वा मोकळी, देणे तेवढेच असते. तिकिटाचे उत्पन्न मात्र गर्दीवर अवलंबून. स्वतःच्या ३,३३७ गाड्या राखण्याचे त्याच वर्षी कामगारांशी झालेल्या करारात मान्य झाले होते, पण स्वमालकीचा ताफा आता काही शेकड्यांवर आला आहे. मधल्या काळात काही कंत्राटदार मुदत संपण्याआधीच बाहेर पडले, ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी संप केला आणि ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेला ३३२ क्रमांकाच्या भाडेतत्त्वावरील विजेच्या बसने माणसांना चिरडले. त्या रात्रीचा विषय निघाला की कट्टा गप्प होतो, म्हणून तो तिथेच थांबवला.

सीएने यावर असा निष्कर्ष काढला की मग ही व्यवस्था बाजाराच्या तत्त्वावर चालणारच नाही आणि तूट कोणी तरी भरावीच लागेल. वादाचे खरे मर्म मला इथे सापडते. तूट भरणारा पूर्वी होता. ट्राम आणि वीज एकाच कंपनीकडे १९०५ मध्ये आली, ७ ऑगस्ट १९४७ रोजी ती कंपनी महापालिकेच्या ताब्यात गेली आणि पुढे अनेक दशके विजेच्या नफ्यातून बसचा तोटा भरून निघत गेला. परंतु बेस्टची वीज कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच आहे. म्हणजे गिरगावातल्या चाळीतला ग्राहक आपल्या वीजबिलातून उपनगरातल्या बसला हातभार लावत होता आणि त्याबद्दल तक्रारही करत होता. नियामक व्यवस्था बदलली, हा मार्ग बंद होत गेला, आणि ज्या बीकेसीतल्या इमारती रात्रंदिवस वातानुकूलित असतात, त्यांच्या वीजबिलाचा एकही पैसा बेस्टकडे येत नाही, कारण त्या बेस्टच्या वीजग्राहकच नाहीत.

‘पण त्या मालमत्ता कर भरतात ना? आणि महापालिका बेस्टला अनुदान देते,’ असे सीए म्हणाला. देते हे खरे. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात महापालिकेने बेस्टसाठी १,००० कोटी रुपये ठेवले. मात्र बीकेसीचे नियोजन आणि तिथल्या भूखंडांचा व्यवहार महापालिकेकडे नाही, तो मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) आहे. नरिमन पॉइंटवरचा भार हलका करण्यासाठी मिठी नदीकाठच्या दलदलीवर सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात हे संकुल आखले गेले, आणि आज तिथला एकेक भूखंड शेकडो, क्वचित हजारो कोटींना भाडेपट्ट्याने जातो. रोज लाखो माणसे तिथे पोहोचू शकतात, म्हणूनच त्या जमिनीला ही किंमत आहे. जमिनीचा लाभ एका संस्थेला आणि माणसे पोहोचवण्याचा तोटा दुसऱ्या संस्थेला, ही वाटणीच मुळात चुकली आहे, असे माझे ठाम मत आहे.

प्राधिकरणाने काहीच केले नाही असेही नाही. २०१८ मध्ये त्याने २५ हायब्रिड वातानुकूलित बस घेऊन त्या बेस्टला चालवायला दिल्या. पण गाडी घेऊन देणे सोपे असते. खरा प्रश्न ती रोज चालवण्याच्या खर्चाचा असतो. आता त्याच वांद्रे ते कुर्ला पट्ट्यात पॉड टॅक्सीचा प्रकल्प मंजूर झाला आहे. जी वाट ३१० क्रमांकाची बस रोज कापते, तिच्यावर खांब उभारून सहा-सहा माणसांच्या पेट्या पळवायच्या, या कल्पनेवर तात्या जे बोलले ते लिहिण्यासारखे नाही.

मेट्रो आली की बसची गरज संपेल, हा मुद्दा फार टिकला नाही. भुयारी ‘मेट्रो ३’ ही मार्गिका ऑक्टोबर २०२४ मध्ये आरेपासून बीकेसीपर्यंत आणि वर्षभराने कफ परेडपर्यंत पोहोचली, पण ती कुर्ला स्थानकाला स्पर्श करत नाही. कल्याण-डोंबिवलीहून येणारा माणूस आजही कुर्ल्यालाच उतरतो.

मी सुचवले की बीकेसीतल्या भूखंडांच्या अधिमूल्यातला, म्हणजे भाडेपट्ट्यापोटी मिळणाऱ्या रकमेतला, ठरावीक हिस्सा दरवर्षी या भागातल्या बसफेऱ्यांसाठी राखून ठेवावा आणि प्राधिकरणाने आपल्याच रस्त्यांवर सकाळ-संध्याकाळ बससाठी स्वतंत्र मार्गिका द्यावी, म्हणजे आहे त्याच गाड्यांमधून जास्त फेऱ्या निघतील. मैत्रिणीला मार्गिका पटली, पण तिच्यात पहिल्याच दिवशी मोठमोठ्या गाड्या उभ्या राहतील, अशी शंका तिने काढली. सीएची हरकत अधिक गंभीर होती. असा निधी बेस्टच्या तिजोरीत गेला की तो जुन्या देण्यांमध्ये विरून जाईल, त्यामुळे पैसे फेरीमागे द्यावेत, दोन बसमधले कमाल अंतर आधी जाहीर करावे आणि ते पाळले गेले नाही तर रक्कम कापावी, असे त्याचे म्हणणे होते. ‘कापा, पण रस्ता अडला म्हणून उशीर झाला तर रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याचे कापा,’ असे तात्या म्हणाले, आणि ही दुरुस्ती सीएने विनातक्रार मान्य केली.