राजे चार्ल्स हिंदू झालेले नाहीत, मुसलमानही नाहीत

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर दर काही महिन्यांनी फिरून येतो. त्याचा सारांश असा: ब्रिटनचे राजे तिसरे चार्ल्स मनाने हिंदू झालेत, त्यांचा कोरोना आयुर्वेदाने बरा झाला, राज्याभिषेकात त्यांनी सर्व धर्मांच्या रक्षणाची शपथ घेऊन चर्चला बाजूला सारलं, आणि त्यांचा दानधर्म म्हणजे सरकारी तिजोरीतून केलेला देखावा. दुसरीकडे फिरणाऱ्या मजकुरात हेच राजे गुपचूप मुसलमान झालेले असतात. परवा धाकट्या मामांनी विचारलं, "यातलं खरं किती गं?" त्यांना दिलेलं उत्तर इथे जरा विस्ताराने मांडते.

कोरोनाचं आधी सांगते, कारण त्याचा धागा आपल्या गोव्यापर्यंत येतो. मार्च २०२० मध्ये चार्ल्स यांना कोरोना झाला; तेव्हा ते युवराज होते. एप्रिलच्या सुरुवातीला तेव्हाचे केंद्रीय आयुष राज्यमंत्री आणि उत्तर गोव्याचे खासदार श्रीपाद नाईक यांनी सांगितलं, की बंगळूरच्या एका केंद्राच्या डॉक्टरांनी दिलेल्या आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या उपचारांनी युवराज बरे झाले. युवराजांच्या कार्यालयाने लगेच खुलासा केला: ही माहिती चुकीची आहे, त्यांनी ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला पाळला, त्याहून अधिक काही नाही. खुलासा त्याच आठवड्यात छापून आला, तरी मजकूर अजून फिरतोच आहे, याचं मला वाईट वाटतं. चार्ल्स त्या केंद्रात जातात हे मात्र खरं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सामोआहून परतताना ते राणी कॅमिलांसह तिथे राहिले होते. होमिओपॅथीची त्यांनी आयुष्यभर पाठराखण केली, त्यावर ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी कडक टीका केली, आणि मला ती टीका रास्त वाटते.

आता शपथ. १९९४ मध्ये एका दूरचित्रवाणी मुलाखतीत चार्ल्स म्हणाले होते, की राजाच्या बिरुदातलं 'एका धर्माचा रक्षक' हे आपल्याला 'धर्मश्रद्धेचा रक्षक' असं समजायला आवडेल. गैरसमजाचं मूळ इथे आहे. प्रत्यक्षात बिरुदातलं अक्षरही बदललं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये राजा झाल्यावर सुमारे आठवडाभराने त्यांनी वेगवेगळ्या धर्मांच्या प्रतिनिधींना बकिंगहॅम राजवाड्यात बोलावून सांगितलं, की मी निष्ठावान अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा, ख्रिस्ती आहे, आणि देशातली विविधता जपणं हेही माझं कर्तव्य आहे. ६ मे २०२३ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांनी आपण प्रॉटेस्टंट असल्याचं जाहीर केलं आणि इंग्लंडचं चर्च अबाधित राखण्याची शपथ घेतली.

त्या दिवशी अभिषेकाला वापरलेलं तेल पाहा. जेरुसलेमच्या ऑलिव्ह टेकडीवरच्या दोन मठांच्या बागांमधली ऑलिव्ह फळं बेथलेहेमजवळ गाळली. तेलात तीळ, गुलाब, जाई, दालचिनी, संत्र्याची फुलं असे सुगंध मिसळले. प्राणिजन्य काहीही नव्हतं. मग जेरुसलेममधल्या येशूच्या समाधीच्या चर्चमध्ये ते पवित्र करून घेतलं. त्या दोन मठांपैकी एकात राजांच्या आजी, राजकन्या ॲलिस, यांचं दफन झालेलं आहे. त्या स्वतः ऑर्थोडॉक्स जोगीण झाल्या होत्या. आजीच्या अंगणातल्या फळांच्या तेलाने, पडद्याआड, कॅमेऱ्यांची नजर चुकवून ज्याने अभिषेक करून घेतला, त्याने ख्रिस्ती धर्म सोडला असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

याच सोहळ्यात हिंदू लॉर्ड नरेंद्र पटेल यांनी राजांना अंगठी दिली, लॉर्ड्स सभागृहाच्या मुसलमान, ज्यू आणि शीख सदस्यांनी इतर राजचिन्हं दिली, आणि तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी हिंदू असूनही बायबलमधला उतारा वाचला. यात धर्मांतर कुणाचंच झालं नाही.

दानधर्माचा मुद्दा. नौदल सोडताना मिळालेले ७,४०० पौंड घेऊन चार्ल्स यांनी १९७६ मध्ये 'प्रिन्सेस ट्रस्ट' सुरू केला. पुढे देणग्या आल्या, काही सरकारी निधीही आला, पण सुरुवात पगाराच्या पैशातून झाली. शाळेत मागे पडलेल्या, बेकार, तुरुंगातून सुटलेल्या तरुणांना तिथे शिक्षण आणि धंद्याला भांडवल मिळतं. आजवर दहा लाखांहून अधिक तरुणांना मदत झाली आहे. अभिनेता इद्रिस एल्बा लंडनच्या गरीब वस्तीत वाढला. ट्रस्टने दिलेल्या १,५०० पौंडांमुळे त्याला युवा नाट्यसंस्थेत जाता आलं, हे तो स्वतः सांगतो. चार्ल्स यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या सेंद्रिय खाद्यपदार्थांच्या धंद्यातला नफाही दानालाच गेला. डाग नाहीत असं नाही. कतारच्या माजी पंतप्रधानांनी २०११ ते २०१५ दरम्यान चार्ल्स यांच्या धर्मादाय निधीसाठी सुमारे तीस लाख युरो रोख, पिशव्यांतून दिल्याची बातमी २०२२ मध्ये आली. पैसे निधीतच जमा झाले आणि धर्मादाय आयोगाने पुढे चौकशी केली नाही, पण राजपुत्राने रोकड हाती घ्यायला नको होती. यावर टीका करायची तर जरूर करा. ती 'सरकारी तिजोरी'पेक्षा खरी असेल.

राहिला मुसलमान झाल्याचा दावा. त्याला आधार म्हणून १९९३ चं ऑक्सफर्डमधलं भाषण पुढे केलं जातं, ज्यात चार्ल्स यांनी युरोपवर इस्लामी विद्येचं मोठं ऋण असल्याचं सांगितलं होतं. ऋण मान्य करणं म्हणजे दीक्षा घेणं नव्हे. त्यांना ओढ आहे ती परंपरांच्या मुळाशी असलेल्या प्रमाणबद्धतेची. २००४ मध्ये त्यांनी लंडनमध्ये पारंपरिक कलांची शाळा काढली. तिथे विद्यार्थी कंपास आणि पट्टी घेऊन मशिदींच्या फरशांवरची भूमिती काढायला शिकतात, तसंच ख्रिस्ती प्रतिमाचित्रं आणि लघुचित्रंही.

हायग्रोव्ह या आपल्या खेड्यातल्या घराच्या बागेत त्यांनी सहस्रकाच्या निमित्ताने एक छोटी प्रार्थनेची खोली बांधली. भिंती माती आणि पेंढ्याच्या, आराखडा पारंपरिक भूमितीचा. ती खोली लंडनच्या बिशपनी विधिवत पवित्र केली. चार्ल्स तिथे एकटे बसतात. दारावर ओळ कोरलेली आहे, "हे प्रभू, आमचा अंधार उजळ." इंग्लंडच्या चर्चमध्ये रोज संध्याकाळी म्हणतात त्या प्रार्थनेची ती पहिली ओळ.