‘रिपोर्ट निगेटिव्ह, तरी कॅन्सर निघाला’ या रिव्ह्यूला आमच्या लॅबचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत आईंची रक्तातल्या डीएनएवरून कॅन्सर शोधणारी तपासणी आमच्याकडे केली, रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून यंदाची मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) केली नाही, आणि मे महिन्यात स्तनाचा पहिल्या स्टेजचा कॅन्सर निघाला. ‘लॅब बोगस आहे.’ आईंबद्दल वाचून फार वाईट वाटलं.

त्या दिवशीच्या सगळ्या नोंदी मी पुन्हा तपासल्या. नमुन्याची अदलाबदल झालेली नाही. चूक वेगळी आहे आणि ती आमची आहे. आम्ही रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता पाठवून दिला. निगेटिव्ह म्हणजे ‘कॅन्सर नाहीच’ असं नव्हे, हे कुणीही फोन करून सांगितलं नाही. काउंटरवरच्या पत्रकातही ‘एका तपासणीत अनेक कॅन्सर’ एवढंच ठळक होतं.

गाठीतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात आणि ही तपासणी ते शोधते. गाठ लहान असेल तर तुकडे फार थोडे सुटतात, तेही काही तासांत रक्तातून नाहीसे होतात. रक्तात फिरणारा बाकीचा बहुतेक डीएनए आपल्या रक्तपेशींचाच असतो. त्यामुळे एक-दोन ट्यूब रक्तात गाठीचा एकही तुकडा सापडला नाही, असं सहज होतं. अमेरिकेतल्या ‘गॅलेरी’ या अशाच तपासणीचा मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. चौथ्या स्टेजच्या १०० पैकी ९० रुग्णांत तिने कॅन्सर ओळखला, पहिल्या स्टेजच्या १०० पैकी जेमतेम १७. लवकर कळणं जिथे सर्वात गरजेचं, तिथेच ती जास्त हुकते. मॅमोग्राफीऐवजी ती करताच येत नाही. हे आईंना जानेवारीतच सांगायला हवं होतं.

इथे वाचणाऱ्या इतरांसाठी : रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी लगेच खचू नका. ‘गॅलेरी’च्याच नंतरच्या एका अभ्यासात ९२ जणांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह होता, कॅन्सर ३५ जणांनाच निघाला. स्कॅन आणि बायॉप्सीशिवाय निदान होत नाही.

ते पत्रक मी काढून टाकलंय. आता रक्त घेण्याआधी मी स्वतः बोलते, आणि ज्यांची मॅमोग्राफी किंवा पॅप तपासणी (गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठीची) राहिली असेल त्यांना आधी तिकडे पाठवते.

ताई, तुमचे पैसे परत करायचे आहेत, पावती नसली तरी चालेल. आईंच्या डॉक्टरांना जुने रिपोर्ट हवे असतील तर रविवारीही लॅबवर फोन करा, मी काढून देईन.