चहाचा विसर आणि ‘अल्पकालीन’ हा शब्द
‘सकाळी काय खाल्ले हे दुपारी न आठवणे म्हणजे अल्पकालीन स्मृती क्षीण होणे’ हे स्मृतीवरील लेखातील विधान मला पटले नाही. बोलताना हा शब्द सर्रास असाच वापरला जातो, हे खरे. परंतु मानसशास्त्रात अल्पकालीन स्मृती म्हणजे मनातल्या मनात घोकत न राहिल्यास काही सेकंदांतच विरून जाणारी आणि एका वेळी जेमतेम चार ते सात गोष्टी धरून ठेवणारी स्मृती होय. सकाळचा नाश्ता दुपारी आठवणे हे दीर्घकालीन स्मृतीचेच काम असून, बिघाड असतो तो नवी आठवण तेथे रुजवण्यात.

माझ्या ८१ वर्षांच्या आईला मोबाइलवर आलेला सहा आकडी ओटीपी वाचून दाखवला, तर ती तो लगेच बिनचूक म्हणून दाखवते. पावकी-निमकीही तिला अजून घडाघडा येते. मात्र स्वतःच्या हाताने चहाचा कप विसळून पालथा घातल्यावर दहा मिनिटांत ती विचारते, ‘आज चहा नाही का रे केलास?’ अमेरिकेतील हेन्री मोलेसन यांच्या मेंदूतील दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी रुजवणाऱ्या अवयवाचा, मोठा भाग १९५३ साली अपस्मारावरील शस्त्रक्रियेत काढला गेला, तेव्हा नेमके हेच दिसून आले: ऐकलेले आकडे ते क्षणभर नीट धरून ठेवत, पण वर्षानुवर्षे भेटणाऱ्या संशोधक बाईही त्यांना अनोळखीच वाटत. या विषयावरील लेखात मोलेसन यांचा साधा उल्लेखही नसावा, याचे नवल वाटते.